चिमायोची माती

चिमायोच्या देवळाच्या यात्रेसाठी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या सान्ता फेहून पहाटे पायी निघालेली आमची टोळी पोवाकीपर्यंत एकत्र होती. ते गाव कधी मागे पडले हे ध्यानातही राहिले नाही. ध्यानात राहिली ती नांबेनंतरची गुड फ्रायडेची दुपार. डाव्या टाचेचा फोड फुटून मोजा रक्ताने चिकटला होता, सावलीचा पत्ता नव्हता, आणि पुढे चाललेल्या मुलांच्या मोठ्या आवाजातल्या गाण्यांचा मला इतका संताप आला की हातातली जपमाळ दुःखाच्या रहस्यांतच, म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांवरच्या प्रार्थनांतच, तुटली.

रस्त्याच्या कडेला गाडीच्या मागच्या फळीवर संत्री मांडून बसलेल्या एका वृद्ध बाईने मला हाताला धरून बसवले. काही न विचारता तिने बूट काढला, बाटलीतल्या पाण्याने टाच धुतली, कापूस ठेवून पट्टी बांधली आणि पिशवीतला एक कोरडा लोकरी मोजा चढवला. आदल्या संध्याकाळी देवळात, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या स्मरणार्थ, फादरांनी बाराजणांचे पाय धुतले, तेव्हा माझे डोळे कोरडेच होते. येथे ते भरून आले. तिचे वडील 1942 मध्ये फिलिपाइन्समधील बताआन येथे कैद झालेल्या न्यू मेक्सिकोच्या सैनिकांपैकी होते. जिवंत परतलो तर चिमायोला चालत जाईन, असा त्यांचा नवस होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिमायो सान्ता क्रूझ दे ला कान्यादा या स्पॅनिश धर्मग्रामात मोडत असे. सुमारे 1810 मध्ये बेर्नार्दो आबेयता यांना येथे मातीत पुरलेला क्रूस सापडला, तो तीनदा सान्ता क्रूझच्या मोठ्या देवळात नेला आणि तीनदा आपल्या खड्ड्याकडे परतला, असे भाविक सांगतात. 1813 मध्ये आबेयतांनी फादर सेबास्तियान आल्वारेस यांच्याकडे देऊळ बांधण्याची परवानगी मागितली, ती विनंती दूर मेक्सिकोतल्या दुरांगोच्या धर्मपीठाकडे गेली, आणि 1816 पर्यंत कच्च्या विटांचे देऊळ उभे राहिले. ते एस्किपुलासच्या प्रभूचे, म्हणजे ग्वाटेमालातल्या एस्किपुलास येथे पूजल्या जाणाऱ्या क्रूसावरच्या ख्रिस्ताचे. त्या क्षेत्रीही माती औषधी मानतात, आणि येथले मूळ रहिवासी तेवा लोक तर चिमायोची जागा देवळाआधीपासूनच गुणकारी मानत आले. 1929 पर्यंत हे देऊळ आबेयतांच्या वंशजांकडे होते, मग सान्ता फेच्या महाधर्मप्रांताकडे आले.

संध्याकाळी दर्शनाच्या रांगेत पुन्हा चिडचिड झाली. आतल्या खोलीत बरे झालेल्या भाविकांनी भिंतीला टांगलेल्या कुबड्या पाहिल्या आणि मी गप्प झालो. क्रूसाच्या त्या खड्ड्यातली, भाविक गुणकारी मानतात ती माती आसपासच्या डोंगरांतून आणून भरतात, हे तेथे कोणी लपवत नाही. मला त्याने काही उणे वाटले नाही. मूठभर माती रुमालात बांधली, आणि चिमूटभर त्या लोकरी मोज्यावर, टाचेच्या जागी, लावली.