पाऊस थांबला की परत दे

दुपारी अडीचच्या सुमाराला दादाचा मेसेज आला. "थांबला पाऊस. दे परत."

बाहेर पाऊस नव्हताच, ऊनही धड नव्हतं. थांबला होता तो पोकेमॉन या व्हिडिओ गेममधला पाऊस, माझ्या पेलिपर नावाच्या पक्ष्याने पाडलेला. दादाने त्याचं कासव उतरवलं, लख्ख ऊन पडलं आणि पुढच्या चार टर्नमध्ये माझी माणसं एकेक करून आडवी झाली. माणसं म्हणजे एक पाणपक्षी, एक जलचर ड्रॅगन वगैरे. हरण्याचं मला विशेष वाटत नाही, दादाकडून हरण्यात मी लहानपणापासून मुरलेली आहे. पण ही टीम बांधण्यात माझे तीन आठवडे गेले होते. वहीची चार पानं नुसत्या वेगाच्या बेरजा-वजाबाक्यांनी भरली होती. आणि हरले ती कशामुळे? मी जास्त चपळ होते म्हणून.

हे न खेळणाऱ्याला सांगायला गेलं की तो तोंडाकडे बघत राहतो. दोन्ही बाजूंनी एकदमच हवामानवाले उतरले, तर ज्याचा वेग जास्त त्याचं हवामान आधी लागतं. म्हणजे माझा पेलिपर आला, पाऊस सुरू झाला, मी सुखावले. मग दादाचं टॉर्कोल, म्हणजे ते कासव, सावकाश मान वर करतं आणि पाऊस पुसून टाकून ऊन पाडतं. नंतर आलेलं हवामान टिकतं. पेलिपरचा मूळ वेग 65, टॉर्कोलचा 20. पेलिपरला मी वेग उतरवणारा स्वभाव दिलाय, त्यामुळे लेव्हल 50 ला त्या 65 चे जे 85 होतात त्यांचे 76 होतात. 81 वेगाच्या टायरानिटारच्या वाळूच्या वादळापुढे तेवढं पुरतं, वादळावर माझा पाऊस बसतो. त्या आकड्यावर मी किती खूश होते! त्याच लेव्हलला दादाच्या कासवाचा वेग 22 आहे. बावीस. गोष्टीतलं कासव निदान ससा झोपला म्हणून तरी जिंकलं. हे कासव टक्क जाग्या सशाला हरवतं, कारण इथे जो शेवटी बोलेल त्याचं खरं.

आमच्याकडे शेवटी आजी बोलायची. तिच्याकडे येतेच.

मेसेजमधलं ते "दे परत" दादाने वीस वर्षं जपून ठेवलंय. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. गेमबॉय अ‍ॅडव्हान्स त्याचा, आतली पोकेमॉन सफायर या खेळाची कार्ट्रिज त्याची, आणि सेव्ह करायला जागा एकच असल्यामुळे आतलं सगळं आयुष्यही त्याचंच. सुट्टीत मी तिकडे गेले की मला ते यंत्र मिळायचं ते त्याला झोप आली तरच. त्याला झोप यायची ती पावसात. "पाऊस थांबला की मला उठव, आणि परत दे," एवढं बजावून तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

आता यातली मेख बघा. त्या पहिल्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नव्हता. बाहेरचा उजेड पडेल तेवढंच दिसायचं. म्हणजे पाऊस आला की यंत्र माझं, आणि पाऊस आला की आभाळ भरून स्क्रीन काळी. मी खिडकीच्या कट्ट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचे आणि यंत्र असं तिरकं धरायचे की गजांमधून येणारा करडा प्रकाश बरोब्बर काचेवर सांडेल. जरा कोन चुकला की पोकेमॉनऐवजी माझंच नाक दिसायचं. सर वाढली की अंदाजाने बटणं दाबायची. सर ओसरली की चित्र हळूहळू वर यायचं, रंग भरायचे, आणि सगळं स्वच्छ दिसायला लागलं म्हणजे ते परत द्यायची वेळ झाली. एवढा चोख अन्याय मी पुढे नोकरीतही पाहिला नाही.

तर अशाच एका दुपारी दादाचा खेळ नेमका केव्ह ऑफ ओरिजिन नावाच्या गुहेच्या तळाशी सेव्ह केलेला होता. समोर कायोगर, पाण्याचा दांडगा पोकेमॉन. त्याच्याशी लढायचं नाही, हात लावायचा नाही, ही ताकीद मिळाली होती, म्हणून मी हात लावला. कायोगर आला तोच पाऊस घेऊन. आणि दादाच्या टीमचा कणा म्हणजे ब्लेझिकेन, आगीचा गडी. पावसात आगीचा मार अर्धा होतो आणि पाण्याचा दीडपट. हे तेव्हा मला माहीत नव्हतं, ब्लेझिकेनकडून कळलं. राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं तर सांगायचं कुणाला, असं म्हणतात. इथे राजाही तोच, पाऊसही तोच.

मी एकेकाला पुढे करत राहिले. मध्येच लक्षात आलं की स्क्रीन फारच छान दिसतेय. बाहेर पागोळ्या उरल्या होत्या. मागून दादाचा झोपाळलेला आवाज आला, "थांबला ना पाऊस? दे परत."

"कुठे थांबलाय?" म्हणत मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. निळ्या पाण्यावर तिरप्या रेघा पडतच होत्या.

दादा उठून बसला. स्क्रीनवर काय चाललंय ते कळायला त्याला दोन क्षण लागले, आणि मग जो आरडाओरडा झाला त्याने आजी आली. तिने आधी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्या चिमुकल्या काचेत पाहिलं. "पडतोय खरा," ती म्हणाली. "अरे, तू हिला कुठला पाऊस ते सांगितलं होतंस का?" दादा गप्प. "मग हा थांबेपर्यंत तिला खेळू दे."

तो पाऊस थांबणारा नव्हताच. 2002 च्या त्या खेळात कायोगरचा पाऊस मोजून पडत नसे. रेन डान्स ही चाल करून आणलेला पाऊस पाच टर्नचा, तो त्याआधीच्या गोल्ड-सिल्व्हरपासून, म्हणजे 1999 पासून होता. पण कायोगरच्या अंगातूनच ड्रिझल, म्हणजे उतरताच पाऊस पाडणारा गुण, यायचा, आणि दुसरं हवामान येऊन तो मोडेपर्यंत किंवा लढाई संपेपर्यंत पडतच राहायचा. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने फक्त निवाडा दिला. दादा यंत्र हिसकायला वाकला, मी घाबरून बॅग उघडली आणि त्याने जिवापाड जपलेला मास्टर बॉल, कुठलाही पोकेमॉन हमखास पकडणारा चेंडू, फेकला. कायोगर आत. पाऊस बंद. वर मी इमानदारीने सेव्हही केलं.

दादा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "निदान नाव तरी चांगलं द्यायचंस." नाव द्यायचं मी घाईत विसरले होते.

मी पावसाची टीम बांधते त्याचं कारण हे असावं. लोक विचारतात तेव्हा मी थंडर आणि हरिकेन हे मार पावसात चुकत नाहीत, स्विफ्ट स्विम या गुणाने वेग दुप्पट होतो, असली भारदस्त कारणं देते. किंग्ड्राचे, म्हणजे माझ्या जलचर ड्रॅगनचे, 137 पावसात 274 होतात हे खरं आहे, आणि तो आकडा वहीत लिहिताना पेन जरा दाबलं जातं हेही खरं. पण ऊनवाल्यांकडेही सगळं असतंच की. त्यांचं क्लोरोफिल वेग दुप्पट करतं, सोलर बीम थांबायला न लावता सुटतो. वाळूवाले नुसतं उभं राहून दर टर्नला सोळावा हिस्सा जीव खातात. बर्फवाल्यांची मला थोडी कीव येते. 2022 पर्यंत त्यांच्या गारा टोचायच्या तरी, आता नुसता बर्फ पडतो आणि बर्फाच्या पोकेमॉनांचा बचाव दीडपट होतो. चांगलं आहे, पण टोचत नाही.

पेलिपरचं मात्र मला मनापासून कौतुक आहे. सफायरमध्ये समुद्रात कुठेही जा, हा पक्षी आडवा यायचा. इतका की तो दिसला की पळून जायचं बटण आपोआप दाबलं जायचं. मोठी चोच, मठ्ठ चेहरा, अंगात विशेष काही नाही. मग 2010 साली पॉलिटोड नावाच्या बेडकाला पाऊस मिळाला, नाइनटेल्सला ऊन मिळालं आणि जो तो हवामान घेऊन फिरायला लागला. तो पाऊसही कायमचाच होता, त्यामुळे लढाई कसली, पाऊस कुणाचा आणि ऊन कुणाचं एवढीच मारामारी. ती 2013 ला आवरली. अंगातून येणारं हवामानही पाचच टर्नचं केलं, हातात योग्य दगड असेल तर आठ. आणि 2016 ला, ज्याला चौदा वर्षं आम्ही पाठ दाखवून पळालो त्या पेलिपरला ड्रिझल दिला. टॉर्कोललाही ऊन दिलं ते त्याच वर्षी. दादा आणि मी आपापल्या बाजू त्याच आठवड्यात निवडल्या.

मला मोजायची सवय लागली ती या पाच टर्नमुळे. स्क्रीनवर उरलेले टर्न बघता येतात, तरी मी बोटांची पेरं मोजते. अंगठा करंगळीच्या मुळाशी ठेवायचा. करंगळीची तीन, अनामिकेची दोन, संपला पाऊस. पेलिपरच्या हातात डॅम्प रॉक, म्हणजे तो आठ टर्नवाला दगड, असेल तर मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. पेलिपरला मागे घेऊन पुन्हा आत आणलं तर तो आत येण्याचा टर्नही मोजला जातो, म्हणजे करंगळीचं खालचं पेर फुकट गेलं. लढाईच्या ऐन भरात उजवा हात बटणांवर आणि डावा अंगठा बोटांवर चालत असतो, त्यामुळे कधीकधी चुकीचं बटण दाबलं जातं. ही सवय आजीची. ती सगळे हिशेब पेरांवर करायची, आणि मध्ये कुणी बोललं तर अंगठा त्या पेरावर दाबून ठेवून उत्तर द्यायची. उत्तर देऊन झालं की अंगठा पुढे.

दादा मोजत नाही. त्याला गरज नसते, कारण माझं चौथं पेर आलं की तो कासव आत घेतो, पुन्हा बाहेर काढतो आणि ऊन पाडतो. मग मी पेलिपर आत-बाहेर करते. मग तो. बघणाऱ्याला वाटावं की दोघं खो-खो खेळताहेत आणि मध्ये उभ्या असलेल्या किंग्ड्राला कुणी विचारतही नाहीये.

टीममध्ये माझे पाचच आहेत. सहावी जागा रिकामी असते. सहातले चारच उतरवायचे असल्यामुळे अडत नाही, पण प्रतिस्पर्ध्याला वाटतं मी त्याला कमी लेखतेय. तसं काही नाही. सहावा कॅस्टफॉर्म नावाचा पोकेमॉन असायचा. सफायरमध्ये हवामान संस्थेतल्या लोकांना सोडवलं की बक्षीस म्हणून मिळायचा तो. पावसात थेंब व्हायचा, उन्हात सूर्य व्हायचा, गारांत ढग व्हायचा. ताकद 70, बचाव 70, वेग 70, सगळंच 70. प्रत्येक विषयात काठावर पास झालेल्या मुलासारखा. जिंकायला त्याचा उपयोग कधीच झाला नाही. पण हवामानाच्या टीममध्ये ज्याचा चेहरा हवामानाबरोबर बदलतो असा एक तरी हवा की नको? दादा म्हणायचा, काढ त्याला. मी काढला नाही. स्कार्लेट-व्हायोलेट या नव्या पोकेमॉन खेळांमध्ये कंपनीने त्याला घेतलाच नाही, म्हणजे काढला तो त्यांनी, माझ्यावर बालंट नको. तेव्हापासून ती जागा मी भरलेली नाही. आज हरल्यावर वही उघडून सहाव्या ओळीवर पेन टेकवलं होतं, तेवढ्यात तो मेसेज आला.

मी उलट विचारलं, "ती कार्ट्रिज अजून चालते का?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. चालते. फक्त सुरू करताना सांगते की आतली बॅटरी संपली आहे, खेळता येईल, पण वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी आता घडणार नाहीत. झाडं लावली तर वाढत नाहीत, गुहेतली भरती-ओहोटी जिथल्या तिथे थांबली आहे. त्याच्यामागोमाग एक छोटा व्हिडिओ. कुठल्याशा समुद्रात एक पेलिपर आडवा आलाय, दादाने त्याच्यासमोर कायोगर उतरवलाय, नाव अजून कायोगरच. आणि तिरप्या रेघा.

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. दादा एकही बटण दाबत नव्हता. माझा अंगठा आपसूक करंगळीच्या मुळाशी जाऊन बसला होता.

"थांबला की सांग," मी लिहिलं.

"कुठला?" त्याने विचारलं.

निवाडा करायला आता आजी नाही. मी वही मिटली. सहाव्या जागेचं उद्या बघू.