तेरा-शून्य

शिडी मागायला शेजारच्या अमेरिकन आजोबांकडे गेलो. गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं, १३-०.

"फ्लोरिडा स्टेट, आमची कॉलेजची अमेरिकन फुटबॉल टीम, २०२३. एकही मॅच हरलो नाही, तरी चॅम्पियन ठरवणाऱ्या प्लेऑफच्या चार टीममध्ये आम्ही नाही!"

टीमचा डाव चालवणारा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय नोव्हेंबरात जायबंदी झाला. त्यामुळे निवड समितीने एकेक मॅच हरलेल्या टेक्सास आणि अलाबामाला आत घेतलं. आपला नेट रन रेट निदान आकडा तरी असतो. इथे तेरा माणसं बसून ठरवतात. पुढच्याच वर्षी प्लेऑफ बारा टीमचा झाला.

मग ऑरेंज बोल या प्लेऑफबाहेरच्या शेवटच्या मॅचमध्ये टीमचे बरेच खेळाडू उतरलेच नाहीत. जॉर्जियाने ६३-३ असं धुतलं.

"म्हणजे १३-१ ना?" मी बोलून गेलो.

आजोबांनी शिडी हातात दिली. "ती आमची टीम नव्हती."

आता शिडी परत करायला कोणत्या तोंडाने जाऊ?