आई गेल्यानंतरचे जलरंग

आई गेली तेव्हा भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच म्हणायचं, "सुटली बिचारी." अर्धांगवायूनंतर ती कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं सगळं मीच करत होते. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, मी बँकेत पुन्हा रुजू झाले. रडू काही आलं नाही. झोप मात्र उडाली, मान आखडली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

तिथे जाऊन मी गप्प बसायची. एकदा त्यांनी विचारलं, शेवटचं चित्र कधी काढलंत? शाळेत, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि ती भूमिती. बी ग्रेड मिळाली, तिथे चित्रकला संपली. "मग पुन्हा काढा. मला दाखवायलाच हवं असं नाही," त्या म्हणाल्या.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे चित्रकारांना तोटा नाही, पण दुःख झालं म्हणून कुणी चित्रं काढतंच असं नाही. १९२२ साली शाहू महाराज गेले, तेव्हा त्यांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थ तलावात सोडून दिली असं इथं सांगतात. मला ते जास्त पटायचं.

तरी जलरंगांच्या ट्यूब आणल्या. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा कागद पाणी लागताच फुगायचा. दुकानदाराने ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड कागद दिला, चारी कडा टेपने पाटाला चिकटवायला सांगितल्या, आणि काम एकदम सोपं झालं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: रंग साधे घ्या, पण कागदावर काटकसर करू नका. ओल्या कागदावर रंग सोडला की तो आपला आपण पसरतो. कागदाची चकाकी गेली की मात्र हात लावायचा नाही, नाहीतर फुलकोबीसारखे डाग उठतात. सतत काहीतरी करत राहण्याची सवय जडलेल्या मला ते थांबणं फार जड गेलं. पण रंग वाळेपर्यंत मी निवांत बसायला लागले. इतकी वर्षं ते कधी जमलंच नव्हतं.

अमेरिकेत गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना पाऊण तास कागद-मार्कर, माती किंवा कोलाजचं सामान देऊन हवं ते करू दिलं, आणि सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. चित्रकला येत असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. पण उरलेल्या पंचवीसेक टक्के लोकांचं कॉर्टिसोल कमी झालं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. माझं कुणी मोजलं नाही. गोळ्या पुढे बरेच महिने चालूच होत्या.

लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख असले तक्ते मोबाइलवर खूप फिरतात. मीही बाईंना विचारलं होतं, माझ्या चित्रांवरून काय कळतं? "मला काही कळत नाही. काढताना तुम्हाला काय वाटत होतं ते सांगा." तेव्हा त्या उत्तराचा रागच आला होता.

मग एका रविवारी मी आमची गच्ची काढायला घेतली, आठवणीतून. दोरीवर आईच्या चादरी. जलरंगात पांढरा शक्यतो लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. म्हणून चादरींच्या कडेकडेने मी आकाशाचा निळा नेत होते, जपून, आणि मनात आलं: या आता धुवायच्या नाहीत. पहाटे उठून भिजवायच्या नाहीत, पावसाळ्यात पंख्याखाली वाळवायच्या नाहीत. इतकं हलकं वाटलं, की त्याचीच लाज वाटली. आणि मग रडू आलं, भरपूर. आई सुटली असं सगळे म्हणत होते. मीही सुटले होते, आणि ते मान्य करायची मला भीती वाटत होती.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. वर्षानुवर्षं आजारी माणसाची सेवा केलेल्यांकडून त्यांनी हे पुष्कळदा ऐकलेलं होतं.

चित्र तसं बरं जमलंय. आकाश एका कोपऱ्यात डागाळलं, दोरी वाकडी आहे. भावाला दुबईला फोटो पाठवला. त्याचा लगेच मेसेज, "ताई, मस्त! पण चादरी रंगवायच्या राहिल्यात का?"

मी त्याला फोनच लावला. आई गेल्यापासून आम्ही तिच्याबद्दल असे बोललोच नव्हतो.