तुम्ही विचारलंत म्हणून: धरलेला मासा परत का सोडतो

"एवढं पेट्रोल जाळून खाडीवर जाताय आणि धरलेला मासा परत पाण्यात सोडताय, कशाला ओ?" हे मला आत्यानं विचारलंय, उद्यमबागेतल्या लेथवाल्या मामांनी विचारलंय, कॅम्पातल्या फिश मार्केटात तर कोणीतरी विचारतंच. आता तुम्हीपण विचारलंत म्हणून नीट सांगतो.

मी मेच्या शेवटी जातो. रात्री अडीचला बेळगाव सोडायचं, शिनोळी, चंदगड करत आंबोली घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत आरोंद्याकडं तेरेखोलच्या खाडीवर. पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडनं पाण्याकडं, तो पाठीवर घेतला की फ्लायची, म्हणजे गळावर केस बांधून केलेल्या खोट्या आमिषाची, दोरी सरळ पडते, दुपारी खारा वारा तोंडावर आला की काही खरं नाही. भरती मी तिथीवरनं काढतो, तिथल्या एका गाबीत, म्हणजे मच्छीमार, काकांनी शिकवलेलं, तिथीची पाऊणपट करायची. षष्ठीला साडेचारच्या सुमारास भरती, म्हणजे उजाडताना ओहोटीला ओढ लागलेली असते, बांधाच्या मोरीतनं बारकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि शेवटे माशांची पिल्लं वाहत येतात आणि तोंडाशीच चोणक टपून असतो. चोणक म्हणजे रायगडकडचा जिताडा.

तिथं बाकीचे जिवंत सुंगट लावून गरवतात. फ्लायमध्ये लांब फेकायला लागणारं वजन गळाचं नसतं, दोरीचंच असतं, ती हवेत मागं-पुढं खेळवून टाकायची. फ्लाय मी घरीच बांधतो, क्लाउझर मिनो, अमेरिकेतल्या बॉब क्लाउझरनं 1980च्या दशकात काढलेली. गळाच्या दांडीवर पुढच्या बाजूला डंबेलसारखे दोन जड डोळे बांधलेले असतात, त्यामुळं ती पाण्यात उलटी होते, टोक वर राहतं, आणि दोरी ओढली की उसळते, थांबलं की डोकं खाली घालून बुडते, अगदी सुंगटच. तिकडं हरणाच्या शेपटीचे केस लावतात, ते आपल्याकडं कायद्यात बसत नाही, मी पांढऱ्या बकऱ्याचे लावतो. डोळे पितळेचे, लेथवाल्या मामांकडनंच काढून घेतो. आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करतो, म्हणजे गळ सोडवताना जबडा फाटत नाही.

आता मुद्द्याचं. चोणक जन्माला येतो तो नर म्हणून. मोठा होतो, काही वर्षं नर म्हणूनच राहतो आणि साधारण 5 ते 7 वर्षांनी, मीटरभर लांबीच्या आसपास पोचला की मादी होतो. म्हणजे खाडीतला जो मोठा मासा बघून सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं ती बहुतेक मादीच असते, आणि मेच्या शेवटी ती खाडीच्या तोंडाकडं निघालेली असते, पावसाच्या सुरुवातीला अंडी घालायला, लाखांनी. 1 जूनपासनं 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी असते तीसुद्धा माशांच्या विणीसाठीच, मग आठवडाभर आधी मी ती मादी पिशवीत घालून घाट चढवू कशी? मला नाही जमत.

मागच्या वर्षी एक लागली, माझ्या कमरेच्या वर येईल एवढी. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, मासा जास्त दमवला तर सोडूनही मरतो, म्हणून दोरी मी जाड ठेवतो आणि लवकर ओढून घेतो. पाण्याबाहेर काढलीच नाही. टॉर्चमध्ये डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकले. गळ बोटानंच निघाला. खालचा ओठ अंगठ्यात धरून तोंड प्रवाहाकडं केलं, खरखरीत ओठ, सँडपेपरसारखा, आणि कल्ले हळूहळू उघडझाप करायला लागले, दोन-तीन मिनिटं तशीच धरून गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. मग तिनंच एकदम शेपटी मारली, अंगठा सोलून गेली.

आत्यासाठी येताना बांगडे घेतले.