चौदाचा टाइम्स

दुपारच्या सुस्तीत एखादी याचिका चाळताना मजकूर बाजूला राहतो आणि नजर अक्षरांवरच रेंगाळते. सर्वोच्च न्यायालयातली असेल तर डोळ्यांना जरा बरंही वाटतं. २०२० पासून तिथला नियमच आहे: ए-फोर कागद, टाइम्स न्यू रोमन हा फाँट, आकार १४, ओळींत दीडपट अंतर, डावी-उजवीकडे चार-चार सेंटिमीटर समास. मजकुराला उरले १३ सेंटिमीटर, म्हणजे ओळीत साधारण साठ-पासष्ट अक्षरं. नजर टोकाला जाऊन परतताना पुढची ओळ चुकत नाही. नियम करणाऱ्याला अक्षरांचं प्रेम असो-नसो, गणित झकास बसलंय.

इतरत्र हाच टाइम्स बाराच्या आकारात, इंचभर समास सोडून, पानभर पसरलेला. ओळीत नव्वदेक अक्षरं. वर पुन्हा लोक म्हणणार, फाँट जुनाट आहे! अहो, तो जन्मला वर्तमानपत्राच्या अरुंद कॉलमसाठी. लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये तो ३ ऑक्टोबर १९३२ रोजी अवतरला, योजना स्टॅनली मॉरिसनची, रेखाटनं व्हिक्टर लार्डंटची. जागा वाचावी म्हणून अंग आवळलेलं, छोट्या अक्षरांची पोटं मोठी, वर-खाली जाणारे दांडे आखूड. लोकलमध्ये अंग चोरून उभं राहायची सवय असलेल्या माणसाला मैदानात आणून सोडावं, तशी त्याची ए-फोरवर गत होते. १९९२ साली विंडोज ३.१ बरोबर तो घरोघरी गेला आणि मैदानातच राहिला. ‘द टाइम्स’ने मात्र त्याला १९७२ मध्येच रजा दिली होती.

उभे दांडे भरदार, जोडरेघा नाजूक, टोकांना अणकुचीदार सेरिफ, म्हणजे छोटे आडवे फटकारे. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की आधी या नाजूक रेघा उडतात. छोट्या ‘ई’ची आडवी रेघ गेली की तो ‘सी’ दिसायला लागतो. ‘आर’ला ‘एन’ खेटला की दुरून ‘एम’. आकडे सगळे एकाच रुंदीचे, त्यामुळे हिशेबाच्या तक्त्यात एकाखाली एक चोख बसतात. पण १९११ सारखं साल इंग्रजी आकड्यांत लिहिलं तर मधे दात पडल्यागत फटी. ठळक टाइम्स तर वेगळ्याच घराण्यातला वाटतो. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर तिरका वापरावा, तो देखणा आहे.

खरी कटकट मराठी मजकुरात. वर्डमध्ये टाइम्सच्या ओळीत मंगल या देवनागरी फाँटमधला एक मराठी शब्द आला की तेवढीच ओळ खालच्या-वरच्या ओळींपासून फटकून बसते, कारण मंगल उंचीला जास्त जागा मागतो. लाइन स्पेसिंगमध्ये ‘एक्झॅक्टली’ निवडून बाराच्या मजकुराला १८ पॉइंट द्यावेत. रफार-अनुस्वारांचे शेंडे छाटले गेले तर २०. ओळी सरळ होतात. बाकी त्या दोघांचं फारसं पटत नाहीच.