आडनाव मराठी, मग ज्यू कसे?

माझं कोकणी आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “तुम्ही तर घरात मराठी बोलता, मग ज्यू कसे?” ओळख जरा वाढली की दबक्या आवाजात दुसरा येतो: “पण पुरावा काय?” तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

कागद नाही. आमच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, बेने इस्राएलींच्या घरांत सांगतात ते असं: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. माणसं गावोगाव पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं पडली. हिब्रू विसरली. उरली ती ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता आणि दारं लावून कडक उपास करायचा दारफळणीचा सण. त्याला जगात योम किप्पुर म्हणतात, हे फार पुढे कळलं.

मग डेव्हिड राहाबी नावाचे ज्यू धर्माचे जाणकार आले. त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत, गोष्ट मात्र घरोघरी एकच. त्यांनी बायकांपुढे मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवले असलेली तेवढी रांधायला घेतली, बाकीची बाजूला सारली. ज्यू धर्मात तेवढीच मासळी चालते, म्हणून राहाबींना खूण पटली. पोथी नसताना धर्म कुठे राहिला होता, तर या बायकांच्या विळीपाशी. मला ही गोष्ट सांगताना आजही भरून येतं. राहाबींनी तिघांना शिकवलं, ते आमचे पहिले काजी, म्हणजे धर्मकार्य सांभाळणारे. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बांधलं, आमची ‘जुनी मशीद’. मग कोकणातही सिनेगॉगं उभी राहिली.

पण वंशाची आठवण आम्ही एकमेकांना दूर ठेवायलाही वापरली. ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद आमच्यातच होता. ज्यांच्या घराण्यात स्थानिक बाई आली असं मानलं, ती घरं काळी ठरली आणि त्यांच्याशी सोयरीक बंद झाली. हे चूकच होतं. इस्रायलला गेल्यावर तीच चाळणी आमच्यापुढे आली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बी मंडळानं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या मंडळानं, लग्नाआधी आमच्या मागच्या पिढ्या तपासायचा हुकूम काढला. आमची माणसं रस्त्यावर उतरली, धरणं धरली. १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं बेने इस्राएली सर्वार्थानं ज्यू आहेत असं जाहीर केलं, तेव्हा त्या हुकुमातून आमचं नाव गेलं.

म्हणून पुरावा विचारलात की मी मलिद्याचं, आमच्या प्रसादाच्या ताटाचं, सांगते. पोहे भिजवून त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, भोवती फळं, आणि एलियाहू हनवी या प्रेषिताचं नाव. नवस फेडायचा असो की लग्न असो, मलिदा हवाच. इतर ज्यूंच्या घरी तो नसतो. कोकणानं आमच्या धर्माला दिलेलं हे ताट आहे. अश्दोदला राहणारी माझी भाची तिथेही करते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता, पोहे जाडे घ्यायचे की पातळ, असं विचारायला.