पाइप सोसायटीचा, ओल माझ्या भिंतीला

गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणणारा पाइप माझ्या बेडरूममागच्या डक्टमधून जातो. तो तुंबला, मधल्या जोडातून पाणी भिंतीत झिरपलं आणि वॉर्डरोबची पाठ फुगून कपड्यांसकट बाद झाली. ठाण्यात पावसाळ्याआधी गच्चीवरच्या जाळ्या साफ करायच्या असतात, हे कुठल्याही कमिटीला सांगावं लागू नये. आमच्या पाइपच्या तोंडाशी मागच्या रंगकामाचं डेब्रिज तसंच पडलेलं होतं.

काम सुरू झाल्यावर पटकन उरकलं. सुरू व्हायलाच अख्खा पावसाळा गेला, कारण सेक्रेटरी एकच पालुपद लावून बसले होते: "फ्लॅटच्या आतलं काम मेंबरचं." आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम, सांगतात ते वेगळं. ड्रेनेज लाइन, गच्ची, पावसामुळे आणि बाहेरच्या सामायिक पाइपमुळे होणारी गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. संडास, सिंक वगैरेंची आतली गळती तेवढी संबंधित फ्लॅटवाल्यांकडे. ते पान झेरॉक्स करून समोर ठेवलं, तर सूर बदलला: "मग वरच्या बाथरूममधून येत असेल." आता वरच्या वहिनी आणि मी आपसात भांडत बसायचं, एवढंच बाकी होतं. वहिनी समजूतदार. प्लंबरने त्यांच्या बाथरूममध्ये लाल रंगाचं पाणी तुंबवून ठेवलं. दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्या भिंतीवर काही नाही. मग गच्चीच्या जाळीत निळीचं पाणी ओतलं आणि संध्याकाळी भिंत निळी. तारखेसह व्हिडिओ काढला, प्लंबरकडून लेखी घेतलं.

तरीही दुरुस्तीच्या अर्जावर सेक्रेटरी पोच देईनात. "तोंडी सांगितलंय ना, बघतो." या "बघतो"चा मला आजही संताप येतो. शेवटी तोच अर्ज फोटोंसह स्पीड पोस्टाने सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवला, शिवाय ईमेल केला. तुम्ही पहिल्या दिवशीच हे करा.

सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात तक्रार द्यायला निघाला असाल तर आधी उपविधींतला तक्रारींचा भाग वाचा. दुरुस्ती आणि गळतीचे वाद तिथे सहकार न्यायालयाकडे दिलेले आहेत, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली. मला हे खिडकीवर रांग लावल्यावर कळवण्यात आलं. ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे. तिथे मुदत २ वर्षांची.

आणि हो, रागाच्या भरात मेंटेनन्स थांबवू नका. थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं, आणि मग सगळी चर्चा तुमच्या थकबाकीवरच होते. मी एकही बिल थकवलं नव्हतं, म्हणून "सोसायटीकडे पैसे नाहीत" म्हटल्यावर विचारता आलं की बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के दराने दरवर्षी घेतला जाणारा दुरुस्ती निधी कुठे आहे?

वकिलाच्या नोटिशीत हाच प्रश्न पहिला होता. त्यानंतर पाइप बदलला, प्लास्टर आणि रंग सोसायटीने करून दिला. वॉर्डरोबचे पैसे "सद्भावना म्हणून" देऊ, असं कमिटीने कळवलं. मी नकार दिला. कारण लिहा, म्हटलं. "सामायिक पाइपच्या गळतीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई" असा ठराव इतिवृत्तात आल्यावर, त्याची प्रत हातात घेऊनच चेक स्वीकारला. पुढच्या पावसात दुसऱ्या कुणाची भिंत ओली झाली, तर त्यांना ती प्रत मी स्वतः नेऊन देईन.